एकाच मशीनचे एमओव्ही तीनदा उडाले : वेल्डिंग इन्व्हर्टरच्या सर्ज प्रोटेक्शनची एक केस

वेल्डिंग मशीन रिपेअर करणाऱ्या माणसाला निळ्या गोल डिस्क, म्हणजे एमओव्ही, काही नवीन नाहीत, त्या जळतात, आपण काढतो, नवीन लावतो, मशीन चालू, बिल दिलं, विषय संपला. या केसमध्ये विषय संपतच नव्हता, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय.

मशीन थ्री फेजचं, ४०० अँपिअरचं मिग (वायरने वेल्डिंग करणारं) इन्व्हर्टर. जागा एक मध्यम साइजचं फॅब्रिकेशन शॉप, जिथे लाइट गेली की जनरेटरवर काम चालू राहतं. दोन महिन्यांत इनपुट बोर्डवरचे एमओव्ही तीन वेळा गेले. पहिल्या दोन वेळा शॉपच्याच मेंटेनन्सवाल्या पोराने बदलले, तिसऱ्या वेळी आतून धूर आणि थोडी आग दिसली तेव्हा मला फोन आला. फोरमन काकांचं पहिलं वाक्य, "अहो, पार्ट डुप्लिकेट निघतायत हो बाजारात, तुमच्याकडचे ओरिजिनल घेऊन या." मी म्हटलं घेऊन येतो पण आधी जळलेले फेकू नका. तर काकांनी अभिमानाने सांगितलं की ते काहीच फेकत नाहीत, तिन्ही वेळचं जळकं सामान नट-बोल्टच्या डब्यात पडलंय. हा डबा नसता तर ही केस मला सुटली नसती हे आत्ताच कबूल करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमओव्ही, म्हणजे मेटल ऑक्साइड व्हेरिस्टर, ही झिंक ऑक्साइडची भाजलेली चकती, वर रंगाचा थर. नॉर्मल व्होल्टेजला ती जवळपास ओपन सर्किट असते, व्होल्टेज एका मर्यादेच्या वर उडी मारायला लागलं की नॅनोसेकंदात कंडक्ट करायला लागते आणि ती उडी, म्हणजे सर्ज, स्वतःच्या अंगावर घेते. पण प्रत्येक मोठ्या झटक्यानंतर ती थोडी म्हातारी होते, लिकेज वाढतं, लिकेजने गरम होते, गरम झाली की लिकेज अजून वाढतं, आणि शेवटी शॉर्ट होते. शॉर्ट झाल्यावर पुढे काय होणार ते तिच्या आधीच्या फ्यूजवर अवलंबून. फ्यूज बरोबर असेल तर तो जातो आणि गोष्ट तिथेच थांबते, नसेल तर चकती फुटते, आजूबाजूचा बोर्ड काळा करते.

या मशीनच्या बोर्डवर एकूण सहा डिस्क होत्या. तीन फेज टू फेज, म्हणजे डेल्टामध्ये. उरलेल्या तीन प्रत्येक फेजमधून एका कॉमन पॉइंटला येणाऱ्या, आणि त्या कॉमन पॉइंटवरून अर्थला एक गॅस डिस्चार्ज ट्यूब, म्हणजे आपली जीडीटी. जीडीटी तिथे कशाला? एमओव्हीचं लिकेज कायम अर्थमध्ये वाहू नये म्हणून, जीडीटी पेटेपर्यंत, म्हणजे कंडक्ट करेपर्यंत, रस्ता पूर्ण बंद. आणि नुसती जीडीटी लाइनवर लावता येत नाही कारण एकदा पेटली की तिच्यावर फक्त दहा-वीस व्होल्ट राहतात आणि मागून मेन्सचा करंट ओतत राहतो, तो अडवायला एमओव्ही सोबत पाहिजे. दोघांची जोडी आहे, एकाला काढलं की दुसऱ्याला अर्थ नाही.

डबा टेबलावर उपडा केला. काकांना आणि पोराला विचारून विचारून तीन ढीग केले, कुठलं सामान कुठल्या वेळचं. पहिल्या ढिगात तीन डिस्क आणि एक तडकलेली जीडीटी. डिस्कवर छाप होता २०डी९११के, कंपनीतून आलेल्या. एकीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक, बाकी अंग निळंच, दुसरी कडेला चिरलेली, तिसरीवर काहीच दिसत नव्हतं पण मीटरवर शॉर्ट. पोराने सांगितलं की या "खालच्या लाइनीतल्या", म्हणजे अर्थकडच्या तीन. वरच्या तीन तेव्हा ठीक दिसल्या तरी त्याने सगळ्या सहा बदलल्या, सेट म्हणून. चांगला विचार होता खरं तर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातलं चित्र वेगळंच. इथे वरच्या, फेज टू फेजच्या तीन गेलेल्या, आणि तिन्ही सारख्याच. भोक नाही, चीर नाही, पूर्ण अंग तपकिरी, रंगाचा थर फुगून सुटलेला, पायाचं सोल्डर वितळून खाली ओघळलेलं. म्हणजे यांना एकदम कुणी मारलं नव्हतं, या हळूहळू भाजल्या गेल्या होत्या. छाप पुसट झालेला, थिनरने पुसून भिंगाखाली धरला तर २०डी६८१के.

झालं. अर्धी केस इथेच उलगडली.

पोराचा हिशोब काय होता ते ऐका, कारण हा हिशोब मी खूप जणांच्या तोंडून ऐकलाय. ९११ मिळाली नाही. दुकानात ६८१ होती, साइज तीच २० एमएमची, पाय पण तेच, १० एमएमच्या अंतरावर, बोर्डच्या भोकात बरोबर बसले. ६८१ म्हणजे ६८ पुढे एक शून्य, ६८० व्होल्ट. लाइन ४१५ ची. ४१५ ला ६८० म्हणजे भरपूर झालं की, उलट लवकर पकडेल, प्रोटेक्शन जास्त चांगलं.

चूक कुठे आहे बघा. ४१५ हे आरएमएस आहे, म्हणजे एसीचा परिणामी आकडा, डिस्कला आरएमएस कळत नाही, तिला पीक, म्हणजे लाटेचं टोक, कळतो. ४१५ चा पीक ५८७ व्होल्ट. लाइन दहा टक्के वर गेली, म्हणजे साधारण ४५६, तर पीक ६४६. आणि ६८१ वरचा ६८० हा आकडा म्हणजे ती ज्या व्होल्टेजला १ मिलीअँपिअर घेते तो, शेवटच्या के चा अर्थ अधिक-उणे १० टक्के, म्हणजे एखादी डिस्क ६१२ व्होल्टलाच १ मिलीअँपिअर प्यायला लागेल. म्हणून तर डेटाशीटमध्ये ६८१ चं कायम सोसायचं एसी व्होल्टेज फक्त ४२० लिहिलेलं असतं. ४२० च्या पार्टला ४१५ च्या लाइनवर बसवणं म्हणजे माणसाला दाराच्या उंचीएवढं करून रोज त्याच दारातून पळत जायला सांगणं. ९११ चं कायमचं एसी व्होल्टेज ५५० आहे, ते उगाच नाहीये.

आता फक्त हिशोब करून भागत नाही म्हणून मिन-मॅक्स वाला ट्रू आरएमएस मीटर शॉपच्या डीबीवर (डिस्ट्रिब्यूशन बोर्डवर) दोन दिवस लावून ठेवला. दिवसा सगळी मशीनं चालू असताना ४०८ ते ४१५, एकदम शहाणी लाइन. रात्री लोड उतरला की ४२८, ४३२, एकदा ४३६. ४३६ चा पीक निघतो ६१६ च्या वर, म्हणजे खालच्या टॉलरन्सची ६८१ रात्रभर प्रत्येक सायकलच्या टोकाला थोडी थोडी कंडक्ट करत बसणार आणि तापणार. त्यात मशीनचा मेन स्विच कुणी बंद करत नाही, पुढचं बटण बंद करून घरी जातात, आणि डिस्क बोर्डवर त्या बटणाच्या आधी आहेत. पोराला विचारलं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मशीन कधी बंद पडलेलं सापडलं, तर म्हणे सकाळी आल्यावर. दोन्ही वेळा सकाळी! वेल्डिंग करताना एकदाही नाही. हा प्रश्न आधीच विचारला असता तर दोन दिवस मीटर लावायची पण गरज नव्हती, पण ठीक आहे, आकडा हातात असला की मालकाशी बोलायला बरं पडतं.

तिसऱ्या वेळी आग का दिसली तर फ्यूज. बोर्डवर डिस्कच्या आधी सिरॅमिक बॉडीचे छोटे फ्यूज होते, दुसऱ्या वेळी ते उडाले आणि त्या साइजचे मिळाले नाहीत म्हणून केबलच्या दोन तारा पिळून सोल्डर केल्या होत्या. यावर मी पोराला काही बोललो नाही, फक्त काळा पडलेला बोर्ड त्याच्या हातात दिला. काही ठिकाणी एफआर-४ चा, म्हणजे बोर्डच्या फायबरचा, थर कोळसा झाला होता, आणि कोळसा झालेला बोर्ड स्वतःच कंडक्ट करतो, त्यामुळे तो भाग ड्रेमेलने खरवडून पांढरा फायबर दिसेपर्यंत साफ केला, ट्रॅकच्या जागी वायर टाकली, वरून वार्निश.

पण अजून पहिल्या वेळचं उत्तर मिळालं नव्हतं. कंपनीतून आलेल्या ९११ का गेल्या? आणि गेल्या त्या फक्त अर्थकडच्या, फेज टू फेजच्या तिन्ही ठणठणीत. लाइनवर मोठा सर्ज दोन फेजमध्ये आला असता तर वरच्यांनी पहिला मार खाल्ला असता. म्हणजे गडबड फेज आणि अर्थ यांच्यामध्ये. पहिल्या वेळी मशीन कधी गेलं? काका म्हणाले दुपारी, जनरेटरवर काम चालू होतं, ग्राइंडरवाला ओरडला की त्याचं मशीन थांबलं आणि पाठोपाठ हे पण.

ग्राइंडर. जनरेटर. इथे माझे कान टवकारले.

जनरेटरच्या पॅनलमध्ये बघितलं तर न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नाही. बॉडीला अर्थिंगची पट्टी आहे, छान पिवळी-हिरवी वायर आहे, पण स्टार पॉइंट, म्हणजे तोच न्यूट्रल, हवेत. कुणीतरी कधीतरी चेंजओव्हर (लाइन-जनरेटर बदलायचा स्विच) बदलताना ती लिंक काढली आणि परत लावली नाही. आता न्यूट्रल हवेत असलेल्या सप्लायमध्ये एक फेज कुठेतरी अर्थला टेकली तर ब्रेकर पडत नाही, काम चालूच राहतं, म्हणून कुणाला कळतच नाही. होतं काय तर उरलेल्या दोन फेज अर्थच्या हिशोबाने २४० वरून सरळ ४१५ वर जाऊन बसतात. तेवढं तर ९११ सोसते. पण तो टेकलेला वायर नीट टेकला नसेल, टिकटिक करत, सुटत-लागत, ठिणग्या पाडत असेल तर केबलच्या कपॅसिटन्समध्ये चार्ज अडकत जातो आणि प्रत्येक ठिणगीला व्होल्टेज वरवर चढत जातं, नॉर्मलच्या कितीतरी पट. याला आर्किंग ग्राउंड म्हणतात, पॉवर सिस्टिमच्या पुस्तकात एक पान असतं त्यावर, परीक्षेपुरतं वाचून सगळे विसरतो. इथे ते पान समोर उभं होतं. ग्राइंडरची केबल शोधून काढली, बॉडीत जिथे शिरते तिथलं रबर फाटलेलं, आतल्या एका वायरचं इन्सुलेशन घासून तांबं चमकतंय आणि बॉडीच्या आतल्या बाजूला काळे ठिपके. ग्राइंडर थरथरला की टेकत होतं, थांबला की सुटत होतं. तो ग्राइंडर हातात धरून माणूस काम करत होता हे जास्त गंभीर होतं, एमओव्ही गेले चुलीत.

म्हणजे एकाच मशीनला दोन वेगळे आजार झाले होते आणि लक्षण एकच दिसत होतं, जळलेली निळी डिस्क. पहिला आजार जनरेटरच्या हवेतल्या न्यूट्रलचा, तो फाटक्या केबलमुळे उफाळला. दुसरा आजार आपणच रिपेअर करताना लावला.

दुरुस्तीची सुरुवात बोर्डपासून केली नाही. ग्राइंडरची केबल त्याच दिवशी बदलली. जनरेटरच्या न्यूट्रलचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला दिलं, कारण तो एकाच जागी अर्थ झाला पाहिजे आणि चेंजओव्हर तीन पोलचा आहे की चार पोलचा यावर ती जागा ठरते, हे अंदाजाने करायचं काम नाही.

मग मशीन. उघडायच्या आधी बस कपॅसिटरचं, म्हणजे आतली डीसी साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरचं, व्होल्टेज मीटरने बघितलं, या मशीनमध्ये डीसी बस ५६० ते ६०० च्या घरात असते आणि ती रिकामी करणारा ब्लीडर रेझिस्टर गेलेला असेल तर प्लग काढून अर्ध्या तासाने पण ती तिथेच तुमची वाट बघत असते. एसीची डीसी करणारा रेक्टिफायर ब्रिज डायोड रेंजवर तपासला, सहाच्या सहा डायोड बरोबर. आयजीबीटी (स्विचिंगचे ट्रान्झिस्टर) शॉर्ट नव्हते. नशीब.

डिस्क निवडताना मालकाने एक सूचना केली जी ऐकायला फार शहाणी वाटते, "मग ९११ पण नको, ११२ टाका ना, ११०० वाली, कधीच जळणार नाही." बरोबर, जळणार नाही. भिंतीवर लावलेला फोटोपण जळत नाही. ११२ ला १०० अँपिअर ढकलले तर तिच्यावर १८१५ व्होल्ट राहतात. ब्रिज आहे १६०० व्होल्टचा. म्हणजे डिस्क सुरक्षित आणि ब्रिज तिच्यासाठी जीव देणार. ९११ तेवढ्याच करंटला १५०० वर धरते, ब्रिजच्या खाली. कंपनीच्या डिझायनरने वरून लाइन आणि खालून ब्रिज या दोघांच्या मधली फट बघून ९११ निवडली होती, आपल्याला त्या फटीत दुसरं काही बसत नाही. हां, करंट अजून वाढला तर ९११ पण १५०० च्या वर जाईल, म्हणून मोठा घाव बोर्डपर्यंत येऊच नये याची सोय डीबीवर करायची, त्याबद्दल पुढे.

९११ यायला चार दिवस लागले. तोवर मशीन बंद ठेवलं, "तात्पुरती ६८१" वर चालवायला साफ नाही म्हटलं. डिस्क आल्यावर एकेक टेस्ट केली. ओहम रेंजवर चांगली डिस्क पण ओपन आणि थकलेली डिस्क पण ओपन, त्यामुळे त्या टेस्टचा उपयोग फक्त शॉर्ट झालेली ओळखायला. माझ्या इन्सुलेशन टेस्टरचा करंट साधारण १ मिलीअँपिअरला अडतो, त्याला १००० व्होल्ट रेंजवर डिस्क लावली की व्होल्टेज डिस्कच्या आकड्यावर येऊन थांबतं. दोन सेकंद बटण दाबायचं, आकडा बघायचा, सोडायचं. सहापैकी पाच ८९० ते ९३० च्या मध्ये. सहावी ८४०, टॉलरन्समध्ये होती, ८१९ पर्यंत चालते, तरी बाजूला ठेवली आणि सातवी घेतली. फेज टू फेजच्या जागी उरलेल्यांपेक्षा कमी आकड्याची डिस्क लावली तर तिच्या वाट्याला काम जास्त येणार, एवढंच कारण.

त्याच वेळी जळलेल्यांच्या सोबत लावलेली एक जुनी डिस्क सहज तपासली, बाहेरून नव्यासारखी, आकडा मूळच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली गेलेला. अशी डिस्क दिसायला निळी आणि आतून संपलेली असते, म्हणून मी सेट बदलायचा म्हणतो.

लावताना पाय बोर्डला टेकवून, लांब पाय ठेवून हवेत लटकवायच्या नाहीत. जीडीटी कंपनीच्याच व्हॅल्यूची. फ्यूज मूळ रेटिंगचे, डिस्कवर स्लीव्ह, आणि शेजारच्या कपॅसिटरचं प्लॅस्टिक कव्हर डिस्कला चिकटलेलं होतं ते थोडं सरकवलं. पहिली पॉवर सरळ दिली नाही, दोन फेजमध्ये सिरीज बल्ब लावून दिली, ४१५ असल्यामुळे २३० चे दोन बल्ब एकमेकांच्या सिरीजमध्ये. क्षणभर पेटले, मंद झाले, विझत आले, कपॅसिटर भरले. मग बल्ब काढले.

शॉपच्या डीबीवर टाइप-टूचा डिन रेलवाला एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) लावला, मोठा घाव तिथे थांबावा आणि बोर्डवरच्या डिस्कला उरलंसुरलं मिळावं म्हणून. इलेक्ट्रिशियनने तो छान सरळ बसवला आणि वायरचे सुंदर लूप करून टायने बांधले, एकूण दीड मीटर तरी. ते परत काढायला लावलं. एक मीटर वायरचा इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री. ५ किलोअँपिअरचा सर्ज ८ मायक्रोसेकंदात चढला तर एका मीटरवर सहाशेच्या वर व्होल्ट पडतात, म्हणजे एसपीडीने कितीही नीट पकडलं तरी मशीनला त्याच्यावर या दीड मीटरचे नऊशे-हजार व्होल्ट जास्तीचे दिसणार. फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थबार मिळून अर्ध्या मीटरच्या आत बसवलं. दिसायला वाकडं-तिकडं झालं, इलेक्ट्रिशियन नाराज.

त्याच माणसाने शेवटी मेगर, म्हणजे इन्सुलेशन टेस्टर, लावला, मशीन जोडलेलं असताना, १००० व्होल्टवर, आणि म्हणाला मशीनमध्ये लिकेज आहे, रीडिंग नाचतंय. अहो नाचणारच, आपण नुकताच अर्थकडे रस्ता बसवलाय जो जास्त व्होल्टेजला उघडतो. अर्थची लिंक सोडवून ५०० वर घेतलं, रीडिंग स्वच्छ. यामुळे चांगली मशीनं "लिकेज" म्हणून माझ्याकडे येतात, वर्षातून एखादं तरी.

जाता जाता याच मशीनच्या वॉटर कूलरमध्ये अजून एक गंमत सापडली. कूलरचा पंप २३० सिंगल फेजवर, त्याच्यावरची डिस्क पण कधीतरी उडालेली आणि जागा रिकामी. खाली बोर्डवर छापलंय एस२०के२७५. पोराने विचारलं २७१ लावू का, ड्रॉवरमध्ये आहे, २७० म्हणजे २७५ च्या जवळच की. यात पोराची चूक नाही, दोन कंपन्यांची नावं ठेवायची पद्धतच उलटी आहे. के२७५ मधला २७५ हा कायमचा एसी व्होल्टेज, १ मिलीअँपिअरवाला आकडा तिचा ४३०, म्हणजे दुसऱ्या पद्धतीत ती ४३१. आणि २७१ मधला २७० हा १ मिलीअँपिअरवाला, तिचं कायमचं एसी फक्त १७५. २३० चा पीक ३२५. २७१ लावून स्विच टाकला असता तर दिवाळी तिथेच झाली असती. ४३१ लावली.

मशीन चालू होऊन आता आठ महिने झाले. मधे दोनदा उघडून डिस्कचे आकडे घेतले, कव्हरच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपवर तारखेसकट लिहून ठेवलेत, पाचमध्ये फरक नाही, एक दहा-बारा व्होल्ट खाली आलीय, तिच्यावर लक्ष आहे. रात्री मेन स्विच बंद करायची सवय अजून लागलेली नाही, ९११ मुळे तेवढं चालून जातं. ड्रॉवरमध्ये ६८१ ची अर्धी पट्टी उरली होती, पोराने ती फेकली नाही, काकांचा चेला आहे शेवटी, पण पट्टीवर लाल मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय : थ्री फेजला लावू नये.